मशीनवरची शुगर आणि तीन महिन्यांची शुगर

आईच्या रिपोर्टवर दोन आकडे होते. उपाशीपोटी शुगर ९६ आणि त्याखाली एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, ६.१. पहिला साध्या अक्षरांत, दुसरा ठळक. "९६ म्हणजे नॉर्मलच ना रे? मग हे ६.१ लॅबवाल्यांचं चुकलं असेल," ती म्हणाली. नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी थोडा वेळ टेकलात तर हाच वाद कानावर पडतो. कुणी घरच्या मशीनची बाजू घेतं, कुणी तीन महिन्यांच्या टेस्टची.

आईचे दोन्ही आकडे बरोबर होते.

बोटातून थेंब काढला त्या क्षणी रक्तात ग्लुकोज किती आहे, एवढंच मशीन सांगतं. तासाभरापूर्वी किती होतं, रात्री किती होईल, हे त्याला ठाऊक नसतं. एचबीए१सी वेगळं मोजते. लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटतं आणि पेशी जिवंत असेपर्यंत बहुतेक चिकटूनच राहतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे या टक्केवारीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. टेस्टच्या आदल्या दोन दिवशी भात सोडून हा आकडा हलत नाही.

६.१ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १२८. सकाळी ९६ आणि सरासरी १२८, तर मधली वाढ कुठून आली? आईच्या बाबतीत ती जेवणानंतरच्या तासांत होती, आणि त्या वेळी आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर प्री-डायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा ११० ला आखते, म्हणून एकाच आकड्यावर दोन डॉक्टर वेगळं बोलू शकतात. निदान मात्र लॅबच्या रक्तावरच होतं. चांगल्या मशीनलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणजे खरी १२० असेल तर मशीनवर १०२ दिसेल किंवा १३८, आणि मशीन बिघडलेलं नसेल.

आता द्राक्षांची गोष्ट, कारण आपल्याकडे ती घडतेच. फेब्रुवारीत निफाडहून मामांनी पेटी पाठवली होती. आई घड सोडवून, मणी धुऊन भांड्यात भरत होती. जेवून दोन तास झाले म्हणून तिने हात पदराला पुसले, बोटाला स्पिरिटचा कापूस फिरवला आणि टोचलं. मशीनवर २१४. ती मटकन खालीच बसली. मी तिला साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. १२६. द्राक्षाचा रस बोटाला राहिला की तीच साखर पट्टीवर मोजली जाते, आणि स्पिरिटच्या कापसाने ती नीट निघत नाही. वाहतं पाणी हवंच. बागेत, खळ्यावर किंवा बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

एचबीए१सीसुद्धा फसते, पण कारणं निराळी. लोहाच्या कमतरतेने ती असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. बराच रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर कमी दिसू शकते. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात लाल पेशी लवकर मरतात, आणि हा आकडा चांगला आला तरी निर्धास्त राहता येत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनचा आकडाही शेजारी ठेवून बघा. आईचं १२.६ होतं, तेव्हा ६.१ वर आम्ही विश्वास ठेवला.

प्री-डायबेटिसमध्ये, औषध चालू नसताना, रोज सकाळी बोट टोचण्यात मला अर्थ दिसत नाही. मशीनचा खरा उपयोग ताट तपासायला होतो. जेवणाआधी एकदा मोजायचं, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. मग दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलायची. बाजरीच्या दोन भाकरी आणि बटाट्याची भाजी, तेव्हा आईची दोन तासांनी १६४ आली. एक भाकरी, गवार, मुगाची उसळ आणि ताक, तेव्हा १३१. भाकरी बाजरीची असो की नागलीची (नाचणीची), पिष्ट त्यात असतंच. "नागली आहे, कितीही खा" हे खरं नाही. रविवारच्या मिसळीत मटकी तर हवीच, पण शुगर चढवतात ते पाव, शेव-फरसाण आणि सोबतची जिलेबी. तिने एक पाव ठेवला, जिलेबी सोडली. एकादशीला साबुदाणा आणि भगर, दोन्हींनी चढली. आता त्या दिवशी ताटात दही आणि शेंगदाणे जास्त असतात.

हे कष्ट वाया जात नाहीत. भारतातच झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये आहार आणि चालणं बदललेल्या लोकांत मधुमेह होण्याची जोखीम २८ टक्क्यांहून थोडी जास्त घटली होती.

पुढची एचबीए१सी आम्ही तीन महिन्यांनीच केली. मध्ये एकदा आई म्हणाली, "महिना झाला, करून बघू का?" मी नको म्हटलं. महिन्याभरात निम्म्याहून जास्त पेशी जुन्याच असतात. कॅलेंडरवर तिने पेनने टेस्टच्या तारखेला गोल केला आणि ज्या दिवशी मोजलं त्या तारखेखाली जेवणाआधीचे आणि नंतरचे आकडे लिहायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ५.८, तेव्हा डॉक्टरांनी आधी ते कॅलेंडरच मागून घेतलं.