उंच पट्टीत गाणारा पुरुष: एक खुलासा

‘अठराव्या शतकातल्या कास्त्रातोंची (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणी शस्त्रक्रिया केलेल्या गायकांची) गाणी आज गाणाऱ्या काउंटरटेनरवरही, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषावरही, लहानपणी तीच शस्त्रक्रिया झालेली असते,’ हा जुना समज. ऐकून तसं वाटणं साहजिक आहे, पण तसं नसतं. कास्त्रातो घडवायला इटलीत आवाज फुटण्याआधीच मुलाचं वृषण निकामी करत. स्वरतंतू आखूड राहत, छाती मात्र मोठ्या माणसाची होई. काउंटरटेनरचा आवाज रीतसर फुटलेला असतो. तो फॉल्सेटोत गातो, म्हणजे मुख्यतः स्वरतंतूंच्या कडाच कंप पावतात. पडताळायचंय? त्याची मुलाखत ऐका, बोलणं चारचौघांसारखंच पुरुषी. किंवा छातीवर हात ठेवून खर्जात सा लावा, मग हलक्या आवाजात तारसप्तकात जा. हाताखालची थरथर ओसरते. खऱ्या कास्त्रातोचं १९०२ आणि १९०४ साली रोममध्ये झालेलं ध्वनिमुद्रणही ऐकायला मिळतं. तबकडी खरखरते खरी, पण आवाजाची जात वेगळी कळते.