फळ्यावरच्या 90 नावांपासून: डॅलस काउबॉइजच्या ड्राफ्टची पार्श्वभूमी

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, होते. आपल्या डोळ्यांसमोर लगेच आयपीएलचा लिलाव येतो, पण इथे बोली लागत नाही, पाळी लागते. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी सगळ्यात आधी. कॉलेजमधून आलेल्या खेळाडूचं नाव ज्या संघाने पुकारलं, त्याच संघाशी त्याची बोलणी.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. चांगली पोरं बड्या संघांकडे जायची आणि ईगल्स मार खात राहायचा. 8 फेब्रुवारी 1936 ला फिलाडेल्फियात, बेल कुटुंबाच्याच हॉटेलात, 9 संघ जमले. समोर फळ्यावर 90 नावं. पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, कोणाकडेच नव्हती. वर्तमानपत्रांतली वर्णनं आणि ओळखीपाळखीतून कळलेलं, एवढ्यावर निवड व्हायची. ईगल्सने पहिलं नाव घेतलं ते ‘जे बेरवँगर’ या खेळाडूचं. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

डॅलस काउबॉइज या संघाची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कारण ती ड्राफ्ट हुकण्यापासून सुरू होते. काउबॉइजला लीगमध्ये प्रवेश मिळाला जानेवारी 1960 मध्ये; त्या वर्षीचा ड्राफ्ट आधीच्या नोव्हेंबरमध्येच उरकला होता. इतर संघांनी सोडलेले खेळाडू घेऊन ते उतरले आणि 12 पैकी 11 सामने हरले, एक बरोबरीत सुटला. पुन्हा अशी पाळी येऊ द्यायची नाही, ही जिद्द व्यवस्थापक टेक्स श्रॅम आणि स्काउटप्रमुख गिल ब्रँट यांच्या कामात दिसते.

श्रॅमनी संगणक बनवणाऱ्या आयबीएमच्या एका उपकंपनीतल्या सलाम कुरेशींना गाठलं. भारतातून गेलेला हा संख्याशास्त्रज्ञ. त्याला क्रिकेट कळायचं, अमेरिकी फुटबॉल नाही. मला तर तेच त्याचं बळ वाटतं. एका स्काउटचा ‘चपळ’ आणि दुसऱ्याचा ‘चपळ’ एकच कशावरून, हा प्रश्न मुरलेल्या माणसाला सहसा पडत नाही. कुरेशींनी स्काउटांच्या शब्दांना आकडे लावायला लावले आणि चारित्र्य, चपळाई, जिगर, तल्लखपणा, ताकद अशा मोजक्या गुणांवर संगणकाच्या मदतीने खेळाडू तोलायची पद्धत बसवली.

सगळं श्रेय मात्र संगणकाला देऊ नये. 1964 च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने सातव्या फेरीत धावपटू बॉब हेजला घेतलं; त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये तो 100 मीटरचं सुवर्णपदक जिंकला. दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबॅक. तो नौदलाला बांधलेला, 1969 पर्यंत येणार नव्हता, म्हणून बाकीच्यांनी त्याच्यावर पाळी खर्च केली नाही. डॅलस थांबलं. जानेवारी 1972 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा दोघेही संघात होते. 1966 ते 1985 अशी सलग 20 वर्षं डॅलसचे विजय पराभवांपेक्षा जास्त राहिले.

दुसरं वळण 1989 पासूनचं. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी संघाचा हुकमी खेळाडू हर्शल वॉकर मिनेसोटाच्या संघाला देऊन ड्राफ्टमधल्या पाळ्यांचा ढीग मिळवला. आता रोजच अदलाबदलीची बोलणी होणार, तर कोणती पाळी कितीची? संघाचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी तक्ता बनवला: पहिल्या पाळीला 3000 गुण, दहाव्या पाळीला 1300, 32 व्या पाळीला 590. तो हळूहळू साऱ्या लीगमध्ये पसरला.

2021 मध्ये तो कसा उपयोगी पडतो ते बघा. डॅलसची पाळी दहावी. नजर ज्या दोन कॉर्नरबॅकवर (पास अडवणाऱ्या बचावपटूंवर) होती, ते आठव्या आणि नवव्या पाळीला गेले. डॅलसने दहावी पाळी सोडून बारावी घेतली आणि वर 84 वी मिळवली. तक्त्याप्रमाणे तोटा 100 गुणांचा, 84 व्या पाळीचे गुण 170. बाराव्या पाळीला नाव पुकारलं मायका पार्सन्सचं, आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. दहावी पाळी घेतली होती बर्ट बेल यांच्या ईगल्सने.