मार्पिसा रेडिएटा

साल्टिसिडी कुलातील, पाणथळ जागी राहणारा उड्या मारणारा कोळी. या कुलात सहा हजारांहून अधिक जाती असून कोळ्यांचे हे सर्वांत मोठे कुल आहे. प्रस्तुत जातीचे वर्णन ग्रूब या प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केले. ती युरोपात आणि पुढे आशियाच्या काही भागांत आढळते, भारतात नाही. तिच्याच प्रजातीतला मार्पिसा मस्कोसा झाडांच्या सालींवर आणि कुंपणाच्या लाकडांवर दिसतो. रेडिएटाने मात्र बोरू आणि लव्हाळ्यांची दलदल धरली आहे.

मादी साधारण ८ ते १० मिमी. लांब, नर थोडा लहान. शरीर लांबट, पुढचे पाय जाड, पोटावर मधोमध फिकट उभा पट्टा. पाय पुढे-मागे ताणून तो पात्याला चिकटून बसला की समोर असूनही दिसत नाही. वाळल्या पात्याची शीर वाटावी इतका बेमालूम. भक्ष्यासाठी तो जाळे विणत नाही. डोळे आठ, त्यांतले समोरचे दोन मोठे डोळे नेम साधतात, बाजूचे हालचाल टिपतात. मागच्या पायांत स्नायूंनी नव्हे, तर शरीरद्रवाचा दाब वाढवून ताकद येते आणि कोळी माशीवर झेप घेतो. झेपेपूर्वी रेशमाचा धागा पात्याला अडकवलेला असतो, त्यामुळे नेम चुकला तरी तो पाण्यात पडत नाही. दलदलीत ही सोय फारच मोलाची.

मादीचे घर बोरूच्या तुऱ्यात असते. तुऱ्याच्या फांद्या रेशमाने एकत्र आवळून ती आत पांढरी पिशवी विणते, अंडी घालते आणि राखण करीत बसते. असे आवळलेले तुरे लांबूनही ओळखू येतात, त्यामुळे कोळी शोधण्यापेक्षा त्याचे घरटे शोधणे सोपे.

ब्रिटनमध्ये हा कोळी मुख्यतः पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लिया भागातील दलदलींत टिकून आहे. सतराव्या शतकापासून तिथल्या फेन दलदली शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर उपसल्या गेल्या, आणि उरले ते तुकडे. पाणी आटले की झुडपे माजतात आणि बोरू मागे हटतो. पण बोरू राखणेही पुरेसे नाही. छपरे शाकारण्यासाठी तो हिवाळ्यात सरसकट कापला, तर जुने तुरे आणि त्यांत आसरा घेतलेले जीवही जातात. म्हणून राखीव क्षेत्रांत बोरू आलटून-पालटून, पट्ट्यापट्ट्याने कापणे या कोळ्याच्या हिताचे ठरते.