जुने संगणकीय खेळ : आधुनिक संगणकांवरील वापर

वैयक्तिक संगणकांसाठी १९८० च्या दशकापासून साधारणपणे २००५ पर्यंत तयार झालेले खेळ आजच्या यंत्रांवर मूळ वेगाने, मूळ चित्रप्रमाणात आणि मूळ ध्वनीसह चालावेत, यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांत्रिक उपायांचा या नोंदीत विचार केला आहे. खेळ सुरू होणे वेगळे आणि तो नीट चालणे वेगळे. कित्येक जुने खेळ आजही सुरू होतात, पण पात्रे भलत्याच वेगाने धावतात, वर्तुळे चपटी दिसतात किंवा संगीत वाजतच नाही. अशा बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट असते : खेळ लिहिणाऱ्याने समोरच्या यंत्राविषयी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि यंत्र बदलले की ती गृहीतके खोटी ठरतात.

वेगाचे गृहीतक त्यांत सर्वांत जुने आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. सुरुवातीच्या अनेक खेळांनी वेळ मोजण्यासाठी घड्याळ वापरलेच नाही. प्रोसेसरला ठरावीक वेळा रिकामा फिरवायचा आणि तेवढा वेळ गेला असे समजायचे, ही त्यांची रीत होती. पुढे संगणकांवर आलेले ‘टर्बो’ बटण प्रत्यक्षात अशा प्रोग्रॅमसाठी यंत्र हळू करण्याच्याच कामी येई. टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाने तयार केलेल्या प्रोग्रॅमची गोष्ट याच जातीची आहे. त्यातील एक भाग सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजून भागाकार करतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे त्या भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि शून्याने भागल्याची तक्रार करून प्रोग्रॅम बंद पडतो. या त्रुटीचा क्रमांकही २०० आहे, हा केवळ योगायोग. हा दोष फक्त पुरातन खेळांत आहे असेही नाही. ‘क्वेक ३ अरीना’ (१९९९) मध्ये उडीची उंची दर सेकंदाला किती चित्रचौकटी काढल्या जातात यावर अवलंबून होती, तर ‘स्कायरिम’ (२०११) मध्ये ६० चौकटींच्या वर गेल्यास वस्तू आपोआप उडू लागत. अशा खेळांसाठी चौकटींच्या संख्येवर मर्यादा घालणे, हा साधा पण खात्रीचा उपाय आहे.

डॉस या विंडोजपूर्व कार्यप्रणालीवरील खेळांचा प्रश्न आज बव्हंशी सुटलेला आहे. ६४-बिट पद्धतीत चालताना प्रोसेसर जुन्या १६-बिट प्रोग्रॅमसाठी असलेली आभासी ८०८६ ही सोय देत नाही, त्यामुळे ६४-बिट विंडोजमधून डॉस प्रोग्रॅम चालवणारा भाग वगळण्यात आला. पण २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘डॉसबॉक्स’ या एम्युलेटरने ती गरजच संपवली. तो प्रोसेसर, व्हीजीए चित्रयंत्रणा आणि साउंड ब्लास्टरसारखी ध्वनिकार्डे यांसह संपूर्ण संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो आणि त्या संगणकाचा वेगही वापरणाऱ्याला ठरवू देतो. ‘८६बॉक्स’ याहून खोलवर जाऊन विशिष्ट मदरबोर्डांपर्यंतची नक्कल करतो. मात्र त्यासाठी मूळ यंत्राच्या कित्येक पट ताकदीचा प्रोसेसर लागतो. ‘स्कमव्हीएम’ (२००१) चा मार्ग निराळा आहे. तो यंत्राची नक्कल न करता खेळाचे इंजिनच नव्याने लिहितो आणि मूळ खेळाच्या फक्त चित्र, ध्वनी व संवादांच्या फायली वापरतो. ‘मॅनिॲक मॅन्शन’ (१९८७) पासूनचे अनेक साहसखेळ त्यामुळे मोबाइलवरही खेळता येतात.

चित्राच्या बाबतीत एक बारकावा वारंवार निसटतो. डॉसकाळातील प्रचलित ३२०×२०० ठिपक्यांचे चित्र ४:३ प्रमाणाच्या काचनळीच्या पडद्यावर कडेपर्यंत पसरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच असे. आजच्या पडद्यांवरील ठिपके चौरस असल्याने तेच चित्र जसेच्या तसे मोठे केल्यास माणसे बुटकी दिसतात. रुंदी ५ पट आणि उंची ६ पट केली की १६००×१२०० हे अचूक ४:३ चित्र मिळते, म्हणून ती मापे पसंत केली जातात. अर्थात काही चित्रकारांनी मुळातच ठिपक्याचा हा उभटपणा हिशेबात घेतला नव्हता. तेव्हा येथे नियमापेक्षा डोळ्यांवर विसंबणे बरे. शिवाय हे चित्र सेकंदाला सुमारे ७० वेळा नव्याने उमटे, त्यामुळे ६० हर्ट्झच्या पडद्यावर सरकणाऱ्या दृश्यात किंचित अडखळ जाणवते.

खरी डोकेदुखी आहे ती १९९५ ते २००३ या सुमाराच्या विंडोज खेळांची. ते इतके जुने नाहीत की त्यांच्यासाठी सरसकट सगळा संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करावा आणि इतके नवेही नाहीत की आजच्या विंडोजवर निमूटपणे चालावेत. कित्येकदा खेळ ३२-बिट असतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असतो. त्यामुळे चालू शकणारा खेळ बसवताच येत नाही. काही इन्स्टॉलर डिस्कवरची मोकळी जागा ३२-बिट संख्येत मोजतात आणि प्रचंड रिकाम्या डिस्कवरही जागा अपुरी असल्याचे सांगतात. ग्राफिक्स कार्डाच्या क्षमतांची यादी ओपनजीएल या चित्रे काढण्याच्या आज्ञासंचावर आधारलेले काही खेळ ठरावीक लांबीच्या जागेत उतरवून घेतात. आजची यादी त्या जागेत मावत नाही आणि खेळ कोसळतो. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डांसाठी (१९९६) लिहिलेल्या खेळांना ‘ग्लाइड’ ही त्या कार्डांचीच भाषा लागते आणि ती कार्डे तर केव्हाच इतिहासजमा झाली. येथे रॅपर कामी येतो. ‘एनग्लाइड’ किंवा ‘डीजीव्हूडू २’ यांसारखा रॅपर खेळाच्या जुन्या आज्ञा पकडून त्यांचे आधुनिक डायरेक्टथ्रीडी किंवा व्हल्कनच्या आज्ञांत रूपांतर करतो. विंडोजमधील कम्पॅटिबिलिटी मोडवर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो खेळाला विंडोजची जुनी आवृत्ती असल्याचे भासवतो आणि काही वर्तने बदलतो, पण नाहीसे झालेले घटक परत आणू शकत नाही.

बेकायदा प्रती रोखणाऱ्या यंत्रणांचा प्रश्न त्याहून चमत्कारिक आहे. ‘सेफडिस्क’ या यंत्रणेचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मधून वगळला गेला आणि सप्टेंबर २०१५ च्या अद्यतनाने आधीच्या काही आवृत्त्यांतही तो बंद झाला. परिणामी मूळ सीडी पैसे देऊन विकत घेतलेला माणूसच दाराबाहेर राहिला. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘जीओजी’ या विक्रीसेवेने असे कुलूप काढून, गरज असेल तेथे डॉसबॉक्स आधीच जुळवून जुने खेळ विकायला सुरुवात केली.

ध्वनीच्या बाबतीत, रोलंडच्या एमटी-३२ (१९८७) या उपकरणासाठी रचलेले संगीत ‘मंट’ या एम्युलेटरवर ऐकता येते. विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंड या विंडोजमधील ध्वनिसोयीचा हार्डवेअरपर्यंतचा थेट मार्ग बंद केल्याने गेलेले घुमणारे परिणाम ‘डीएसओएएल’सारख्या रॅपरने बरेचसे परत मिळतात.

मूळ प्रोग्रॅमसंहिता उपलब्ध असेल तर यांतील बरीच यातायात टळते. इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ची संहिता १९९७ मध्ये खुली केली आणि त्यातून निघालेल्या आवृत्त्या आज जवळपास प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर चालतात. लिनक्स या कार्यप्रणालीकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ प्रकल्प आणि त्यावर उभारलेला व्हॉल्व्ह कंपनीचा ‘प्रोटॉन’ (२०१८) यांच्यामुळे काही जुने विंडोज खेळ विंडोजपेक्षा लिनक्सवरच अधिक सुरळीत चालतात.

ज्या खेळांचा अर्धा भाग दूरच्या सर्व्हरवर होता, त्यांच्यापुढे हे सर्व उपाय अपुरे पडतात. ‘गेमस्पाय’ ही खेळाडूंना जोडून देणारी सेवा २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक खेळांतील इंटरनेटवरून एकमेकांशी खेळण्याची सोय थांबली. काहींसाठी चाहत्यांनी पर्यायी सर्व्हर उभारले. अमेरिकेत २०१५ मध्ये मिळालेल्या कायदेशीर सवलतीनुसार, पडताळणीचा सर्व्हर बंद झालेल्या खेळाचे कुलूप काढून तो स्थानिक पातळीवर खेळण्याची मुभा मिळाली; ऑनलाइन सामने पुन्हा सुरू करण्याची मुभा मात्र त्या सवलतीत नव्हती.