आभासी अवयववेदना : औषधोपचार

अपघात, मधुमेहातील गँगरीन किंवा युद्धातील जखम यांमुळे हात वा पाय कापावा लागल्यानंतर, नसलेल्या अवयवातच जाणवणाऱ्या वेदनेला आभासी अवयववेदना म्हणतात. उरलेल्या खुंटाचे दुखणे तिच्याहून वेगळे ओळखावे लागते; कारण त्यामागे जंतुसंसर्ग किंवा नीट न बसणारा कृत्रिम पाय असल्यास उपाय निराळा असतो. तळव्याला खाज सुटली म्हणून रुग्णाचा हात जातो आणि चादरीला लागतो. कधी नसलेली बोटे आत वळतात, कधी करंट बसल्यासारखी कळ येते. हा मनाचा खेळ नव्हे, हे घरच्यांना समजावणे हा उपचाराचाच भाग आहे.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे यांनी या वेदनेची नोंद केली. 'फँटम लिंब' ही संज्ञा अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ च्या सुमारास रूढ केली. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये स्थापन झाले.

वेदनेच्या उगमाविषयी एकमत नाही. मेंदूच्या संवेदनाक्षेत्राची पुनर्रचना (कापलेल्या अवयवाची जागा शेजारच्या भागांनी व्यापणे) वेदनेच्या तीव्रतेशी निगडित असल्याचे १९९५ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले. उलट, कण्यालगतच्या चेताग्रंथींजवळ (संवेदी नसांच्या पेशींच्या गाठींजवळ) लिडोकेन हे बधिर करणारे औषध टोचल्यावर वेदना तात्पुरती थांबते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळल्याने तुटलेल्या नसांचा वाटा पुन्हा पुढे आला. दोन्ही यंत्रणा एकत्र काम करतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वीच कण्यातून भूल दिल्यास पुढील वेदना टळते का, हा वाद याच्याशीच जोडलेला आहे. १९८८ च्या २५ रुग्णांवरील डॅनिश चाचणीचा निष्कर्ष अनुकूल होता. १९९७ मध्ये डेन्मार्कमध्येच ६० रुग्णांवर झालेल्या, अधिक काटेकोर चाचणीत तसा लाभ दिसला नाही. तरीही शस्त्रक्रियेच्या आगेमागे वेदना नीट आटोक्यात ठेवणे आवश्यकच आहे, कारण त्या दिवसांतले दुखणे रुग्णाने विनाकारण सोसू नये.

वेदना जडल्यानंतर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे दिली जातात, मात्र पुरावा लहान चाचण्यांपुरता आहे. गॅबापेन्टिनने २००२ च्या सहा आठवड्यांच्या चाचणीत वेदना कमी झाली. शस्त्रक्रियेनंतर लगेच देऊन ती टाळण्याचा २००६ मधील प्रयत्न फसला. या औषधाने गुंगी व चक्कर येते, आणि एका पायावर तोल सांभाळणाऱ्यासाठी ही बाब गंभीर आहे. मधुमेहात मूत्रपिंड क्षीण झाले असल्यास गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन यांची मात्रा घटवावी लागते, आणि ही औषधे एकदम बंद करता येत नाहीत. मॉर्फीन काहींना उपयोगी पडते. केटामाइन हे भुलीचे औषध शिरेतून, देखरेखीखाली दिले जाते.