होमरूल चळवळ, आयर्लंडमधील

ब्रिटिश साम्राज्यातच राहून देशाचा अंतर्गत कारभार डब्लिनच्या संसदेकडे असावा, ही आयरिश मागणी होमरूल म्हणून ओळखली जाते. ही पूर्ण स्वातंत्र्याची मागणी नव्हती. सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडेच राहणार होते.

१८०१ मध्ये डब्लिनची संसद बरखास्त होऊन आयरिश खासदार लंडनला बसू लागले. या व्यवस्थेची परीक्षा १८४५ नंतरच्या दुष्काळात झाली. बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसे दगावली. तेवढ्याच लोकांनी देश सोडला, आणि त्या वर्षांतही बंदरांतून धान्य बाहेर जातच होते.

आयझॅक बट या वकिलाने १८७० मध्ये चळवळीला आकार दिला, तरी तिला धार आणली चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी. स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार असून ते कॅथलिक कुळांचे पुढारी झाले. कुळांचे हत्यार साधे होते. १८८० मध्ये मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला लोकांनी वाळीत टाकले. गडी शेतावर फिरकेनात, दुकानदार माल देईनात. अखेर उत्तरेकडून पन्नास माणसे आणून पीक काढावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई! बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. ‘बॉयकॉट’ हा शब्द जगभर गेला तो इथूनच.

ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे होमरूलचे पहिले विधेयक १८८६ मध्ये ३० मतांनी पडले, तेही स्वपक्षीयांच्या बंडामुळे. दुसरे १८९३ मध्ये उमरावांच्या सभागृहाने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. १९१२ मध्ये तिसरे आले, तेव्हा अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताचे प्रॉटेस्टंट उठले. त्यांच्या मते होमरूल म्हणजे रोमरूल, पोपचे राज्य. साडेचार लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. पुढे जर्मनीहून बंदुकाही आल्या. कायदा १९१४ मध्ये झाला, पण महायुद्धामुळे लगेच स्थगित ठेवला गेला.

२४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनच्या टपाल कचेरीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच महिनाअखेरीस टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली: आयर्लंडमध्ये जी मागणी मागे पडत होती, तिचेच नाव इकडे नव्याने घेतले जात होते. डब्लिनचे बंड आठवड्यात मोडले. मग सरकारने पंधरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले बंडाचे एक नेते, जखमी जेम्स कॉनली यांना उभे राहता येईना, म्हणून खुर्चीला बांधून. लोकमत फिरले ते या शिक्षांनी. १९१८ च्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला ७३ जागा मिळाल्या, होमरूलवाल्या जुन्या पक्षाला अवघ्या ६.

दक्षिणेकडील २६ परगणे १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य झाले. होमरूल प्रत्यक्षात राबले ते उरलेल्या सहा परगण्यांत, म्हणजे ज्यांनी त्याविरुद्ध सह्या केल्या होत्या त्यांच्याच हाती. बेलफास्टची ती संसद १९२१ पासून १९७२ पर्यंत चालली.