शेतीची जुनी अवजारे संग्रहालयाला देताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

शेतीचा इतिहास जपणाऱ्या प्रादेशिक संग्रहालयाला घरातला जुना नांगर, जू, कोळपे किंवा पाभर देता येते. मात्र वस्तू परस्पर नेऊन ठेवू नये, आधी अर्ज करावा. अर्जदार त्या वस्तूचा कायदेशीर मालक असावा लागतो. वस्तू वडिलोपार्जित असून तिच्यावर भावंडांचाही हक्क असेल, तर सर्व वारसांच्या सह्यांचे संमतिपत्र जोडावे. वैध मालकीची खात्री पटल्याशिवाय वस्तू स्वीकारू नये, असे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता सांगते, त्यामुळे ही अट शिथिल होण्याची अपेक्षा धरू नये.

अर्जाला साधारणपणे ओळखपत्र, मालकीचा पुरावा, वस्तूची मापे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे जोडावी लागतात. खरेदीची पावती क्वचितच सापडते. अशा वेळी वस्तू घरात कशी आली, याचे सहीनिशी निवेदन द्यावे.

अर्जातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वस्तूची हकिकत, आणि नेमकी तीच बहुधा एका ओळीत उरकली जाते. ‘जुना लाकडी नांगर’ एवढ्याने काहीच कळत नाही. तो कोणी घडवला, लाकूड कोणते, कोणत्या जमिनीत चालला, ओढायला किती जनावरे लागत आणि वापर केव्हा व का थांबला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. रुमण्याची, म्हणजे नांगर धरायच्या दांड्याची, मूठ एकाच अंगाने झिजलेली असते, फाळ तारेने आवळून बसवलेला असतो. या खुणांवरूनच काम करणारा हात कळतो. म्हणून वस्तू देण्यापूर्वी घासू नये, रंगवू नये, तेलही लावू नये. फवारणीचा जुना पंप असल्यास त्यात कोणते औषध वापरले जाई, हे अवश्य नमूद करावे, कारण आर्सेनिक किंवा डीडीटीचे अवशेष हाताळणाऱ्याला अपायकारक ठरतात.

निवड समिती वस्तूची स्थिती, साठवणुकीची जागा आणि तशीच वस्तू संग्रहात आहे का, हे पाहून निर्णय घेते. होकार मिळाल्यास दानपत्र होते व मालकी संग्रहालयाकडे जाते; वस्तू कायम प्रदर्शनात राहावी, अशी अट सहसा मान्य होत नाही. मालकी सोडायची नसेल, तर मुदतीच्या उसनवारीचा करार शक्य आहे का, ते अर्जापूर्वीच विचारावे.

आलेली वस्तू प्रथम वेगळी ठेवतात. लाकडात कीड आढळल्यास ती वस्तू उणे ३० अंश सेल्सिअसला सुमारे तीन दिवस गोठवण्याची पद्धत वापरली जाते. त्यानंतर नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. तो क्रमांक असलेली पोच मागून घ्यावी आणि दानपत्राच्या प्रतीसोबत जपून ठेवावी.